बद्द वाजलेली सळई: निटिनॉलच्या शोधाची कथा

मडके विकत घेताना ते वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. १९५९ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, व्हाइट ओक येथील नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर या धातुशास्त्रज्ञाने नकळत हीच परीक्षा एका मिश्रधातूची घेतली.

ब्यूलर यांना क्षेपणास्त्राच्या टोकासाठी पदार्थ हवा होता. वातावरणात परततानाची उष्णता आणि आघात त्याने सोसायचे होते. निकेल व टायटॅनियमचे अणू जवळजवळ निम्मेनिम्म असलेल्या मिश्रधातूच्या सळया त्यांनी ओतल्या. निवालेली सळई फरशीवर टाकली, तर आवाज बद्द आला. आत तडे असावेत, असे वाटून त्यांनी अजून गरम असलेली दुसरी टाकली. ती घंटेसारखी वाजली. ब्यूलर तडक पाण्याकडे धावले. तीच सळई पाण्याने निववली, तर बद्द. उकळत्या पाण्यात तापवली, तर पुन्हा खणखणीत! तडा असा येत-जात नाही. आत अणूंची मांडणीच बदलत होती.

प्रसिद्धी मात्र मिळाली ती १९६१ च्या बैठकीतील प्रसंगाला. भात्यासारखी दुमडलेली पट्टी हातोहात फिरत असताना डेव्हिड मझी यांनी पाइप पेटवायच्या लायटरने ती तापवली आणि पट्टी आपोआप सरळ झाली. हा गुण काही पहिल्यांदाच दिसला नव्हता. सोने व कॅडमियमच्या मिश्रधातूत तो १९५१ पर्यंत नोंदला गेला होता. पण सोने महाग आणि कॅडमियम विषारी.

१९६२ मध्ये आलेल्या फ्रेडरिक वँग यांनी स्फटिकरचनेचा छडा लावायला घेतला. उष्ण अवस्थेत रचना घनाकृती असते. निवताना ती तिरकी होते आणि एकमेकांची आरशातली प्रतिमा शोभतील अशा जुळ्या पट्ट्यांत विभागते. वाकवल्यावर या पट्ट्यांच्या सीमा सरकतात, अणूंचा शेजार मात्र तुटत नाही. म्हणून तापवताच मूळ आकार परततो. याच सरकत्या सीमा कंपने गिळतात. थंड सळई बद्द वाजली ती त्यामुळे!

ही स्मृती अमर्याद नाही. साधारण ८ टक्क्यांपलीकडे ताणले की अणूंचे थर कायमचे घसरतात. ही घसरण रोखण्यासाठी तार थंड अवस्थेत ओढून घट्ट करतात किंवा उष्णतासंस्काराने आत निकेलबहुल सूक्ष्म कण घडवतात. बळ वाढते, तशी स्मृतीही टिकते.

१९७० च्या सुमारास रेकेम कंपनीने एफ-१४ लढाऊ विमानाच्या नळ्यांसाठी याच धातूचे जोड बनवले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार ठेवलेला, आधीच फाकवलेला जोड नळ्यांवर चढवायचा. तो ऊब लागताच आकसून त्यांना घट्ट आवळत असे.