आंदण म्हणे!

सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला तो डिंग लिरेनने डाव आंदण दिला म्हणून, असे अजूनही ठासून सांगितले जाते. या मताला आधारच नाही असे नाही. सामना साडेसहा-साडेसहा, चौदावा म्हणजे शेवटचा डाव, संगणकाच्या लेखी बरोबरी. आणि ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. हत्तींची मारामारी झाली आणि गुकेशने उंट डी५ वर ठेवला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, त्याची एकुलती एक तिरकी वाट बंद. मग उंटही गेले, नुसती प्यादी उरली, त्यात गुकेशचे एक जास्त. ५८व्या चालीला डिंगने हार मानली. माजी जगज्जेत्या क्रामनिकला यात बुद्धिबळाचा अंतच दिसला. (२००६ साली बॉनमध्ये संगणकाविरुद्ध एका चालीतली मात याच क्रामनिकला दिसली नव्हती, एवढे नोंदवून पुढे जाऊ.)

पण हत्ती एफ२ ही चाल होती तरी काय? हत्ती मारून घेऊ आणि मोकळे होऊ, हा प्रस्ताव. डिंगचे सगळा डाव हेच चालले होते. पांढरी मोहरी हाती असून त्याने वजिरांची मारामारी उरकली, त्यापायी एक प्यादेही सोडले. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव होते, आणि २०२३ साली अस्तानात जगज्जेतेपदाच्या सामन्यात नेपोम्नियाचीला त्याने जलद डावांतच हरवले होते. तेव्हा पट रिकामा करत जाणे हा हिशेब वेडेपणाचा नव्हता. मात्र प्रत्येक मारामारीत सुटका दिसू लागली की त्यातली घातक कोणती, हे पाहायचे राहून जाते. ५५वी चाल आभाळातून पडली नाही. ती त्याच धोरणाच्या पोटातून आली.

आणि ती येईपर्यंत डाव चालू ठेवला कोणी? दोन प्याद्यांविरुद्ध तीन, सगळी राजाच्या बाजूला. पुस्तकात ही बरोबरीच. ती राखायची मात्र थकलेल्या माणसाने, उतरत्या घड्याळावर. गुकेशला हात मिळवून उठता आले असते. तो उठला नाही.

अशी चूक नवी नाही. १८९२ साली हवानात जगज्जेतेपदाच्या सामन्यात श्टाइनिट्झविरुद्ध चिगोरिनने जिंकत आलेल्या डावात उंट हलवून दोन चालींची मात ओढवून घेतली, सामना तिथेच संपला. श्टाइनिट्झचे ते विजेतेपद कोणी उसने मानत नाही.

शिवाय आंदण म्हणावे तर तेही आयते नव्हते. गुकेशने नंतर सांगितले की एफ२ चा अर्थ आधी त्याच्याही ध्यानात आला नव्हता. तो हत्ती बी३ वर न्यायच्या बेतात होता, तेवढ्यात उंट अडकतोय हे त्याला दिसले.