येलदरी जलाशय परिसर

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरील जलाशयाभोवतीचा प्रदेश. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. येलदरी येथे 1960 च्या दशकात तिच्यावर धरण बांधण्यात आले. त्याला दहा दरवाजे असून पायथ्याशी 22.5 मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. वीजनिर्मितीनंतरचे पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडते. तेथून कालव्यांनी ते परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला मिळते.

जिंतूर हे या भागाचे दळणवळण केंद्र. तेथून एक रस्ता बोरी, झरीमार्गे परभणीला जातो, तर दुसरा चारठाण्यावरून जालन्याकडे वळतो. परभणीत कल्याण–निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग 61 लागतो. जिंतूर–सेनगाव रस्ता येलदरीहून पूर्णा ओलांडतो.

धरणाच्या कामातून उभी राहिलेली वसाहत आजही येलदरी कॅम्प म्हणून ओळखली जाते. शेतीसोबत मासेमारी हाही या परिसरातील व्यवसाय आहे. लहान गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध जुळतो तो फाट्यावर : चहाची टपरी, एसटीची वाट पाहणारे विद्यार्थी, कापसाच्या गाठोड्याशेजारी बसलेला शेतकरी. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या त्यागावर तीन जिल्ह्यांतील शिवारे भिजतात. त्या त्यागाची जाण म्हणून मुख्य रस्त्यापासून या लहान गावांपर्यंतचा जोडरस्ता बारमाही असणे, ही येथील विकासाची खरी कसोटी होय.