व्याजाचा दर कशानें उतरतो? : नगर जिल्ह्याचा अनुभव

मेथीची जुडी महागली म्हणजे त्याचें कारण घरोघर ठाऊक असतें. पाऊस लांबला, माल कमी आला, म्हणून भाव चढला. त्यासाठीं भाजीवाल्यास कोणी पापी ठरवीत नाहीं. व्याजाचा दर चढला म्हणजे मात्र विचाराची ही रीत सुटते आणि सारा प्रश्न नीति-अनीतीचा होऊन बसतो. वस्तुतः व्याज हीही एक किंमतच आहे. हातांतला पैसा दुसऱ्यास देऊन तो परत येईपर्यंत थांबण्याची ती किंमत. तींत चार गोष्टी मिसळलेल्या असतात : थांबण्याचा मोबदला; पैसा बुडेल या भीतीची भरपाई; लहान लहान रकमा देण्याघेण्याचा व वसुलीचा खर्च; आणि देणारा एकटाच असला तर त्या एकटेपणाचा फायदा. पहिली गोष्ट सर्वत्र थोडीफार राहणारच. बाकीच्या तीन देशकालाप्रमाणें कमीअधिक होतात. दर उतरवावयाचा असेल तर या तिहींपैकीं एखादी तरी कमी केली पाहिजे, हा अर्थशास्त्राचा अगदीं प्राथमिक सिद्धांत होय. अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर असें नांव मिळालेल्या जिल्ह्यांत, या सिद्धांताची परीक्षा दीडशें वर्षें चालली आहे. तेथें प्रथम आगीचा, मग कायद्याचा आणि त्यानंतर पाणी व सहकार यांचा मार्ग चोखाळला गेला.

जिल्ह्याची ठेवण पाहिली म्हणजे पैसा बुडण्याची भीति तेथें इतकी मोठी कां, हें कळतें. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर मुबलक पाऊस पडतो. पण पूर्वेस व दक्षिणेस उतरूं लागलें कीं पारनेर, नगर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड हा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेंत येतो. ज्वारी-बाजरीचें पीक एका वर्षीं सोळा आणे, तर दुसऱ्या वर्षीं चार आणे. सरकारसारा मात्र रोख रकमेंत आणि ठरल्या हप्त्यानें द्यावयाचा. अवर्षण आलें म्हणजे सगळ्या गांवाला एकाच वेळीं पैसा लागे, आणि तो देणारा गांवांत एखाददुसराच असे. मागणी सर्वांची, पुरवठा एकाचा आणि परतफेड ढगांवर अवलंबून, अशा ठिकाणीं व्याज चढें राहिलें यांत नवल नव्हतें.

इंग्रजी अमलापूर्वीं सावकार होताच. परंतु कुळाची जमीन सहजासहजीं त्याच्या हातीं जात नसे. वसुलीसाठीं त्यास गांवकीच्या मर्जीवर पुष्कळसें विसंबावें लागे. रयतवारी पद्धतींत जमीन विकतां व गहाण ठेवतां येऊं लागली, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या मदतीस आला. तारण पक्कें झालें म्हणजे व्याज उतरावें, हा सामान्य नियम. येथें तसें झालें नाहीं. तारण वाढलें तरी देणारे वाढले नाहींत; वाढलें तें कर्ज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या संरक्षणाचा होता. व्यवहारांत मात्र मुदत संपण्यापूर्वीं थकलेलें व्याज मुद्दलांत घालून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. निरक्षर कुळाची निशाणी कागदावर उठे, आणि शंभराचे दोनशें कधीं झाले हें त्यास कळतही नसे.

अशांत १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसास भलतीच तेजी आली. मुंबईंत पैसा खेळूं लागला. त्याच सुमारास लोहमार्गाच्या कामांवर मजुरीही चांगली मिळत होती. भाव चढे, जमिनीस मोल, म्हणून सावकाराचा हातही सैल झाला. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि तेजी ओसरली. पुणें जिल्ह्यांतील कांहीं तालुक्यांत १८६७ पासून नवी आकारणी होऊन सारा वाढला, तो नेमका उतरत्या काळाच्या तोंडावर. तेजींत काढलेलें कर्ज मंदींत फेडणें म्हणजे तेवढ्याच रुपयांसाठीं पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक धान्य मोजणें. धोका ओळखून सावकारांनींही हात आंखडता घेतला, आणि सारा भरण्यापुरतें कर्ज मिळणेंही कठीण झालें.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं जमलेल्या लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. हें लोण लवकरच नगर जिल्ह्यांत पोंचलें. पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत मिळून २२ गांवीं दंगे झाले. लोकांचा डोळा मुख्यतः कागदांवर होता. सावकारानें रोखे व हुकूमनामे हवालीं केले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. ते देण्याचें नाकारलें तेथें बळजबरी झाली. चावडीपुढें होळ्या पेटल्या त्या दस्तऐवजांच्या. सरकारनें फौज आणून शांतता केली आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें साडेनऊशें लोक पकडले.

रागाचें कारण खरें होतें, यांत शंका नाहीं. पण आगीनें साधलें काय? कर्जाची नोंद जळाली; दर चढविणाऱ्या तीन कारणांपैकीं एकही जळालें नाहीं. पाऊस तसाच लहरी राहिला. गांवांत दुसरा सावकार उभा राहिला नाहीं. पुढल्या मृगाला बियाणें हवेंच होतें, आणि तें मागावयास त्याच ओट्यावर जावें लागणार होतें. ज्यानें आपलीं खतें जळतांना पाहिलीं, तो यापुढें व्याज ठरवितांना त्या आगीचीही गणना करणार, हें उघड होतें.

दंग्यांच्या चौकशीसाठीं सरकारनें मंडळ नेमलें. सरकारी जमिनीच्या कबजेदारांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोक कर्जांत रुतलेले आहेत, त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या अठरा पट आहे, आणि जवळजवळ दोन तृतीयांश कर्जास जमिनीचें तारण आहे, असें या मंडळास आढळलें. यांतून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. कोर्टानें रोख्यावरचा आंकडा डोळे मिटून न मानतां व्यवहाराच्या मुळाशीं जावें, मुद्दल व व्याज वेगळालें करावें, फेडीस हप्ते बांधून द्यावेत, देण्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत घालूं नये, आणि दस्तऐवज अधिकाऱ्यापुढें नोंदविले जावेत, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं. फिर्यादीची मुदतही वाढविली. अनेक कुळांस या कायद्यानें न्याय मिळाला, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु बाजाराची रीत अशी आहे कीं, किंमतीवर बांध घातला आणि पुरवठा वाढविला नाहीं, तर व्यवहार दुसऱ्या वाटेनें वाहूं लागतो. गहाणखत कोर्टांत उकरलें जातें असें दिसतांच सावकार गहाणाऐवजीं सरळ खरेदीखत मागूं लागला. कागदावर विक्री, पैसे फेडल्यास जमीन परत, हें वचन मात्र केवळ तोंडचें. गहाण सोडवितां येतें; विकलेली जमीन परत मागण्यास कागद लागतो. जें संरक्षण शेतकऱ्यास दिलें, त्याच्या आड त्याच्या जमिनीची मालकी पूर्वींपेक्षां सोप्या रीतीनें जाऊं लागली. अशा खरेदीखतांचें खरें स्वरूप कोर्टास तपासतां यावें म्हणून पुढें कायद्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या.

कायदा एकटा पुरणार नाहीं हें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं ओळखलें होतें. याच कायद्याखालीं त्यांनीं न्यायाधीशाचें काम केलें होतें, त्यामुळें दुखणें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. सावकारास प्रतिस्पर्धी निर्माण झाला पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. सर विल्यम वेडरबर्न यांनीं १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना पुढें मांडली, आणि तिला रानड्यांचा पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकारनें ती उचलून धरली. पण लंडनमध्यें भारतमंत्र्यांनीं ती नामंजूर केली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास त्यानंतर १९०४ साल उजाडावें लागलें.

देणारे वाढविण्याचा विचार असा चालला असतां, जिल्ह्याच्या उत्तर भागांत पैसा बुडण्याच्या भीतीवर दुसऱ्या बाजूनें घाव पडला. प्रवरा नदीवर भंडारदरा येथें १९१० सालीं धरणाचें काम सुरू झालें आणि १९२६ सालीं तें पुरें झालें. प्रवरेच्या व गोदावरीच्या कालव्यांनीं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव या बाजूस पाणी पोंचलें आणि ऊंस उभा राहिला. पावसाचा धोका कमी झाला. परंतु नवा एक धोका दारीं आला. ऊंस बारा ते अठरा महिन्यांचें पीक. बेणें, खत, पेंड, मजुरी यांस भांडवल फार. हा पैसा गुळाचा अडत्या देई, आणि गूळ त्याच्याच अडतीवर जाई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत गुळाचा भाव पडला, तेव्हां पाण्यानें भिजलेल्या शेतांतही शेतकरी कर्जानें होरपळला. धान्यास पाऊस हवा, तसा नगदी पिकास भाव हवा, हा धडा त्यानें मिळाला.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. ती १९४८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीं, डिसेंबर १९४५ मध्यें, बेलापूर रोड म्हणजे आजचें श्रीरामपूर येथें बागाइतदारांची परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखालीं भरली, आणि बागाइतदारांनीं स्वतःचे सहकारी साखर कारखाने काढावेत हा विचार तेथें पुढें आला. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनीं तो मनावर घेतला. फारसें शालेय शिक्षण नसलेल्या या गृहस्थानें गांवोगांव हिंडून भाग जमविले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचें साहाय्य झालें, सरकारनें भागभांडवल घेतलें, औद्योगिक वित्त महामंडळानें कर्ज दिलें, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या कारखान्याचें पहिलें गाळप झालें. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते.

या व्यवस्थेनें व्याजावर काय परिणाम होतो, तें पाहण्यासारखें आहे. सभासदाचा ऊंस कारखान्यास जातो, आणि सोसायटीनें दिलेलें पीककर्ज उंसाच्या बिलांतून परस्पर वळतें होतें. वसुलीसाठीं कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं, म्हणून वसुलीचा खर्च घटतो. पीकच हमी देतें, म्हणून बुडण्याची भीति घटते. अडत्याखेरीज दुसरें दार उघडतें, म्हणून एकटेपणाचा फायदा घटतो. व्याजांतील तिन्ही गोष्टी एकदम खालीं येतात, आणि त्यासाठीं कोणाचा रोखा जाळावा लागत नाहीं कीं दराचा हुकूम काढावा लागत नाहीं.

अर्थात् एक कारखाना म्हणजे सारा देश नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणींत असें दिसलें कीं, देशांतील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांपैकीं सहकारी संस्थांकडून अवघें ३.१ टक्के कर्ज मिळत होतें, तर सुमारें ७० टक्के सावकारांकडून. कर्ज व मालाची विक्री यांची सांगड घालावी, ही या पाहणीच्या समितीची शिफारस होती. गाडगीळ त्या समितीचे सभासद होते, आणि प्रवरेचा अनुभव त्यांच्यापुढें होता.

हा इतिहास जुना झाला असें मानण्याचें कारण नाहीं. १ जून २०१७ रोजीं याच जिल्ह्यांतील पुणतांबें गांवाच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांचें दूध व भाजी अडली, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकित कर्जाची माफी जाहीर केली. १८७५ च्या आगीशीं या माफीची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. ही माफी कायद्यानें झाली आणि बँकांचे पैसे सरकारनें भरले. बुडणाऱ्या घरास त्यानें श्वास घेतां आला, हें थोडें नव्हे. तरी माफी मागचें कर्ज पुसते; पुढच्या वर्षींचा पाऊस व भाव ती ठरवीत नाहीं. पुणतांबें कालव्याच्या मुलुखांतलें गांव आहे. तेथील दुखणें केवळ पाण्याचें नव्हतें, भावाचें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उपाय कोठें शोधावा याची दिशा कळते.

आणि ज्या तालुक्यांत रोखे जळाले, त्या कोरडवाहू भागाचें काय? नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें गेल्या तीसपस्तीस वर्षांत एक वाट काढली आहे. डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, पडलेला पाऊस जिरविला. मग शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं आणि ऊंस-केळीसारखीं फार पाणी पिणारीं पिकें लावावयाचीं नाहींत, असा निर्बंध गांवानें स्वतःवर घातला. दरसाल पाऊस मोजून, पाणी किती जमलें आणि कोणत्या पिकास किती परवडेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडला जातो. घरची गृहिणी महिन्याचा पगार पाहून किराणा भरते, तोच हा हिशेब. अवर्षणाचें वर्ष येणार हें तेथेंही ठरलेलेंच. पण तें आलें म्हणजे साऱ्या गांवानें एकाच दिवशीं कर्जासाठीं धांव घ्यावी, अशी पाळी सहसा येत नाहीं.

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं वर्तमानपत्रांत पुन्हां पुन्हां उपाय सुचविले जातात, आणि शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांतही त्यांची चर्चा होते. त्या प्रत्येक उपायास एकच प्रश्न विचारावा : यानें पैसा बुडण्याची भीति कमी होते काय, वसुलीचा खर्च कमी होतो काय, कीं देणाऱ्यांची संख्या वाढते? तिन्हींचें उत्तर नाहीं असें आलें, तर तो उपाय कितीही दयाळू दिसला तरी कांहीं वर्षांनीं तोच प्रश्न त्याच ओट्यावर पुन्हां उभा राहील. नगर जिल्ह्यानें ही गोष्ट आपल्या जमिनी गमावून शिकली आहे. इतरांस ती नुसत्या वाचनानें शिकतां येते.