१४९ कवट्या आणि एक प्रबंध : इरावती कर्वे बर्लिनमध्ये

परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या माणसांच्या गोष्टी बहुतेक एकाच ठेक्यात सांगितल्या जातात. बोट सुटली, थंडी सोसली, पदवी मिळाली, नाव झालं. आज मी इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधल्या दिवसांबद्दल बोलणार आहे, कारण ती गोष्ट या ठेक्यात बसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. इरावतीबाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या इरावती नदीवरून. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, मग मुंबईला घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम.ए. लग्न दिनकर कर्वे यांच्याशी, म्हणजे त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. बायकोनंही तिकडे जावं असं त्यांचं मत. आता बघा, ज्या अण्णांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांचाच सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध होता! शेवटी जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ साली इरावतीबाई निघाल्या. सासऱ्यांचा विरोध मागे, डोक्यावर कर्ज. हातात पदवी न घेता परत येणं परवडणारं नव्हतं, असं मला वाटतं.

बर्लिनच्या डाहलेम भागात आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, कैसर विल्हेल्म संस्थेनं मानववंशशास्त्राचं नवं केंद्र उघडलं होतं. त्याच्या नावातच 'सुप्रजननशास्त्र' होतं. प्रमुख होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, त्यांनी १९०८ साली मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. वंशांमध्ये उच्च-नीच असतं, हे त्यांच्या लेखी गृहीतच होतं. आणि तो काळ नाझी सत्तेच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवा. हे सगळं तेव्हा प्रतिष्ठित विज्ञान म्हणून चालत होतं.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा. आपली कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची कल्पना अशी, की गोऱ्या युरोपियनांची बुद्धी जास्त, तेव्हा त्यांच्या कवटीत ही असमानताही जास्त असणार. ते तपासायचं काम या विद्यार्थिनीकडे आलं. तिनं १४९ कवट्या मोजल्या. वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही त्यात होत्या. त्या माणसांना कुणी विचारून त्या आणल्या असतील, अशी आशा ठेवायला जागा नाही.

मोजमापांतून निघालं काय? असमानता सगळ्यांतच आहे आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. इरावतीबाईंनी प्रबंधात तेच लिहिलं. परकी भाषा, परकं शहर, गुण देणारा माणूस तोच, आणि निष्कर्ष त्याच्या कल्पनेच्या उलटा. फिशर यांनी त्यांना पास होण्यापुरताच, सगळ्यात खालचा दर्जा दिला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पण पदवी मिळाली आणि त्या पुण्याला परतल्या.

आता पुढचं ऐका. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी वंशाच्या जर्मन मुलांची सक्तीनं नसबंदी झाली, तिच्यामागे याच वर्तुळातल्या तज्ज्ञांचे अभिप्राय होते. युद्धाच्या काळात आउशविट्झहून मेंगेलेनं माणसांच्या शरीराचे नमुने याच संस्थेकडे पाठवले. इरावतीबाई जिथे शिकल्या, ती जागा ही.

म्हणजे आपली बाई एकदम स्वच्छ बाहेर पडली का? माझं उत्तर इथे जरा अडखळतं. डोकी मोजण्याची पद्धत त्यांनी सोडली नाही. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या, महाराष्ट्रभर हिंडल्या आणि जातीजातींची मोजमापं घेतली. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासोबत त्यांचं यावरचं पुस्तकही आलं. माणसाला जातीच्या खणात घालून मोजणं आज आपल्याला खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण त्या आकड्यांतून त्यांनी काढलं काय? तर एकाच नावानं ओळखल्या जाणाऱ्या पोटजातीसुद्धा एका मुळाच्या दिसत नाहीत. चित्पावन आणि देशस्थ, दोघेही ब्राह्मणच, पण एका जातीचे तुकडे पडून झालेले नव्हेत. साधन बर्लिनचं होतं. पण उत्तर आधी ठरवून मोजायला बसायचं नाही, ही सवय त्यांची स्वतःची होती.

डाहलेममधली ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. जवळच २०१४ साली खोदकामात माणसांची हाडं सापडली, पुढच्या उत्खननांत हजारो तुकडे निघाले. ती कुणाची, हे एकेका माणसापर्यंत शोधायचं नाही असं ठरलं; तसं करणं म्हणजे त्यांना पुन्हा वंशांच्या खणात टाकणं झालं असतं. मार्च २०२३ मध्ये ती सन्मानानं पुरली गेली.

इरावतीबाई म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं. महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून उतरवून नीट निरखणारी ती नजर मला या प्रबंधातही दिसते. पुढच्या भागात घुर्ये यांच्या मुंबईतल्या विभागाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.