देवनागरीचे खिळे व मराठीचें वळण

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत ग्रंथाच्या विषयासंबंधीं, भाषेसंबंधीं, क्वचित् शुद्धलेखनासंबंधींहि वाद होतात. परंतु ज्या अक्षरांच्या द्वारें हें सर्व डोळ्यांपुढें येतें, त्या अक्षरांच्या घडणीकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. वास्तविक छापील अक्षर हें कोणा तरी कारागिराने विचारपूर्वक घडविलेलें असतें, आणि त्याच्या घडणींत यंत्राची सोय, व्यापाराची निकड व भाषेचा स्वभाव ह्यांची ओढाताण निरंतर चाललेली असते. ह्या ओढाताणींत मराठीच्या वांट्यास काय आलें, तें थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मुद्रणयंत्र गोव्यास १५५६ सालीं आलें. पुढें १६१६ सालीं फादर स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. भाषा मराठी, परंतु लिपि रोमन! सुरतेच्या भीमजी पारेख ह्या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीकडून मुद्रक मागविला व १६७४ सालीं हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक आलाहि; पण देशी अक्षरांचे खिळे पाडणें त्याच्या हातून झालें नाहीं. कारण उघड आहे. रोमन लिपीचीं अक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं शब्द होतो. आमच्या लिपींत मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशीं लोंबतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या आधीं उभी राहते, आणि जोडाक्षरांची तर गणतीच नाहीं. सव्वीस अक्षरांच्या यंत्रास हा संसार झेपणारा नव्हता.

हें कोडें पुढें सुटलें तें बंगाल्यांत. चार्ल्स विल्किन्स ह्यांच्या हाताखालीं तयार झालेले पंचानन कर्मकार हे श्रीरामपूरच्या मिशनमध्यें गेले व त्यांनीं देवनागरी खिळे कोरले. तेथूनच विल्यम कॅरे ह्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बाहेर पडलें. त्यांचा १८१० चा मराठी कोश मात्र मोडींत छापला गेला, कारण मराठी माणसाच्या नित्य व्यवहाराची लिपि तीच होती. तथापि हात न उचलतां लिहावयाच्या मोडीपेक्षां सुटी उभी राहणारी बाळबोध खिळ्यांस अधिक मानवली. छापील पुस्तकांनीं बाळबोध घरोघर नेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनहि गेली. आज आपल्याच पणजोबांचीं पत्रें वाचण्यास आपणांस जाणकार शोधावा लागतो.

मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत थॉमस ग्रॅहॅम ह्यांनीं खिळ्यांत पुष्कळ सुधारणा केली. गणपत कृष्णाजी ह्यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. परंतु ह्या कलेस पूर्णत्व आणिलें तें जावजी दादाजी (१८३९–१८९२) ह्यांनीं. मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं राबलेल्या ह्या मुलाने पुढें ‘निर्णयसागर’ उभारला, आणि राणोजी रावजी आरू ह्यांच्या कोरीव कामामुळें तेथील अक्षर सर्वमान्य झालें. बोरूच्या तिरप्या कापाने पोथींत जी जाड-बारीक रेघ उमटते, तीच ह्या अक्षरांनीं धातूंत राखली. निर्णयसागरी संस्कृत ग्रंथ युरोपांतील पंडितांनींहि वापरले, ह्यांत त्या देखणेपणाचा वांटा थोडा नाहीं.

पुढें यंत्रांचा वेग वाढला व खिळ्यांचा पसारा जड वाटूं लागला. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला. सावरकरांनीं ‘अ’ ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु, अू, पुढें मांडली. लखनौच्या १९५३ च्या परिषदेंत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरलें, आणि थोड्याच वर्षांत तें मागें घ्यावें लागलें. ह्या सुधारकांस हंसणें अन्यायाचें होईल. जुळाऱ्याचे कष्ट व टंकलेखन-यंत्राच्या मोजक्या कळा त्यांना दिसत होत्या. यंत्र बदलत नाहीं, तर लिपीने बदलावें, एवढाच त्यांचा हिशेब होता.

परंतु यंत्रच बदललें. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्या कवि-सुलेखनकाराने संगणकासाठीं ‘मंगल’ हें अक्षर घडविलें. आतां शेंकडों जोडाक्षरांचें ओझें जुळाऱ्याच्या खांद्यावर नाहीं. मुंबईंतील ‘एक टाइप’सारख्या मंडळींचीं नवीं वळणें भ्रमणध्वनीवर फुकट मिळतात.

मग चिंता कसली? चिंता आहे ती अनास्थेची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. हा भेद केवळ एका रकाराच्या वळणावर उभा आहे, आणि तो संगणकांत उमटवितां येतो. तरी तो टंकण्याची तसदी कितीजण घेतात? मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ राज्य शासनाने २००९ सालीं प्रमाण ठरविला. तरी बहुतेक पाट्यांवर दंडाचा हिंदी ‘ल’च दिसतो. दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर अन्य लिपीहून लहान नसावें, असा कायदा २०२२ सालीं झाला, हें योग्यच झालें. परंतु कायदा अक्षराची उंची मोजूं शकतो, त्याचें वळण मोजूं शकत नाहीं. इंग्रजी अक्षर निवडण्यांत रंगारी व मालक तासभर घालवितात आणि खालीं मराठी नांव हातीं लागेल त्या अक्षरांत चिकटवितात, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे.

असो. दीडशें वर्षें आपण लिपीच्या दैन्याचा दोष यंत्रावर ठेवीत आलों. तो आतां ठेवतां येणार नाहीं. लग्नपत्रिका छापतांना, ग्रंथ काढतांना, दुकानाची पाटी रंगवितांना अक्षर पारखून घेणें हें आतां मुद्रकाचें नव्हे, तर आपलें काम आहे. मोडी गेली तेव्हां आपण पाहत राहिलों. बाळबोधीच्या बाबतींत तरी तसें होऊं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.