गोटुल : शाळा सुटल्यानंतरची शाळा

गोटुल (काही भागांत घोटुल) म्हणजे माडिया आणि इतर गोंड समाजाच्या गावातील तरुण मुलामुलींचे सामायिक घर होय. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतून जाताना गावाच्या मध्यभागी किंवा एका कडेला लाकडी खांबांवर उभे असलेले, बहुधा अर्ध्याच भिंतींचे एक ऐसपैस छप्पर दिसते. आत ढोल टांगलेले असतात, मधोमध शेकोटीची जागा असते. गावाची बैठक तेथेच भरते आणि परगावचा पाहुणाही तेथेच उतरतो. परंतु दिवस मावळला, जेवणे आटोपली की ते घर मुलांचे होते. आम्ही या लेखात गोटुलाच्या या संध्याकाळच्या रूपाचा विचार करणार आहोत.

धर्मग्रामातील वाचकांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. १८४१ साली इटलीतील तुरीन शहरात तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को यांच्याभोवती गवंडीकाम करणारी, धुराडी साफ करणारी, खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेली मुले जमू लागली. १८४६ साली या मुलांना वाल्दोक्को येथे एका साध्या शेडमध्ये कायमची जागा मिळाली. कामावरून सुटल्यावर मुले तेथे येत, अक्षरे गिरवीत, हिशेब शिकत, गात आणि नाटके करीत. नवी दशमान मापे आली तेव्हा संत जॉन बॉस्को यांनी त्यांवर पुस्तिका तर लिहिलीच, शिवाय १८४९ साली त्याच विषयावरचे संवाद मुलांकडून रंगमंचावर करवून घेतले! लिटर आणि किलोग्रॅम नाटकातून शिकवणारा हा संत आम्हांला फार जवळचा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रातही अशी कामे आहेत. मुंबईत १९८८ साली सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था वस्तीतील मुलांच्या दारापर्यंत वाचन-लेखन घेऊन गेली. पुढे तिने बसगाडीतच वर्ग भरवले. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने २०१४ साली वंचितांच्या रंगभूमीचा उपक्रम आरंभला. वस्तीतील मुलांनी आपल्याच जगण्यावर नाटिका रचायच्या आणि स्वतःच सादर करायच्या, असे त्याचे स्वरूप. या सर्व ठिकाणी शाळेबाहेरचा एखाददुसरा तास आणि मुलांना आपली वाटणारी एक जागा नव्याने निर्माण करावी लागली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र तो तास आणि ती जागा मुळातच होती. ती आता रिकामी होत आहे, ही आमची चिंता आहे.

गोटुलात मूल काय शिकते? सर्वप्रथम, रेला. एकमेकांना धरून वर्तुळात पावले टाकीत म्हणायचे हे गीत-नृत्य आहे. मोठी मुले पुढे असतात, लहान त्यांच्या पावलांकडे पाहत शेवटी जोडली जातात. कोणी कोणाला 'शिकवीत' नाही. एक गट गाण्यातून विचारतो, दुसरा गाण्यातूनच उत्तर देतो. ज्याला उत्तर रचता येत नाही तो पुढच्या वेळी तयारीने येतो. याच गाण्यांतून आणि वडीलधाऱ्यांच्या कथांतून मुलांना आपले कूळ कळते. गोंड समाजात कुळे चार, पाच, सहा, सात देवांच्या गटांत विभागलेली असतात आणि कोणाशी सोयरीक होते, कोणाशी होत नाही, हे त्यावरून ठरते. जंगलातील झाडे, शिकारीचे नियम, पंडुम म्हणजे नव्या पिकाचे व फळांचे सण, हे सारे ज्ञान पुस्तकाविना एका पिढीकडून दुसरीकडे जाते. गावात लग्न असो वा कोणाच्या शेतात काम अडलेले असो, गोटुलातील तरुण एकत्र जाऊन हात लावतात. शिस्तही मुलेच मुलांना लावतात. या संस्थेचा आरंभ पहांदी पारी कुपार लिंगो यांनी केला, अशी गोंड परंपरेची श्रद्धा आहे.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. गोटुलाचे नाव काढताच बाहेरची मंडळी, त्यांत ख्रिस्ती मंडळीही आली, अर्थपूर्ण हसतात. याचे मूळ बहुतांशी वेरिअर एल्विन यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आणि त्याच्या ऐकीव आवृत्त्यांत आहे. एल्विन १९२७ साली ॲंग्लिकन धर्मोपदेशक म्हणून भारतात आले आणि पुढे ते पद सोडून आदिवासींत राहिले. त्यांचा ग्रंथ बस्तरच्या मुरिया समाजाविषयी आहे, आणि त्या समाजाविषयीही तो केवळ स्त्री-पुरुष संबंधांचा ग्रंथ नव्हे. माडियांची रीत वेगळी आहे. त्यांच्याकडे मुली नाच-गाण्यासाठी येतात आणि झोपायला आपापल्या घरी जातात. जो समाज न पाहता त्याची अब्रू चर्चेला घेतो, त्याने आठवी आज्ञा पुन्हा वाचावी.

गोटुले रिकामी होण्याचे मोठे कारण, विचित्र वाटेल, पण शाळा हेच आहे. दुर्गम गावातील मूल सहाव्या वर्षी निवासी आश्रमशाळेत जाते आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीतच घरी येते. पंडुमचे सगळे दिवस काही सुट्टीत येत नाहीत. ज्या वयात वर्तुळाच्या शेवटी उभे राहून पावले उचलायची, ते वय वसतिगृहात जाते. आश्रमशाळांनी या भागात केलेले कार्य थोर आहे, यात शंका नाही. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि १९७६ साली तेथे शाळा निघाली. तीतून शिकलेली मुले पुढे डॉक्टर, शिक्षक झाली. शाळा हवीच. परंतु घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून केवळ मराठीत अक्षरओळख करून दिली, तर ते अक्षर ओळखते, शब्द मात्र ओळखत नाही. वाचता येते, कळत नाही, ही तक्रार या भागातील शिक्षकांकडून वारंवार ऐकू येते ती यामुळेच.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० (अ) सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली आणि तिच्या नावातच 'गोटुल' हा शब्द घेतला. २०२२ साली शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस बजावली आणि वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. गावाने आपल्या मुलांच्या भाषेसाठी स्वतःच्या खिशातून शाळा चालवावी आणि तिला दंडाची भीती दाखवली जावी, हे आम्हांला बरे वाटत नाही.

त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण निराळे आहे. तेथील गोटुलासाठी सागवान वापरण्यावरून गावाचा वनखात्याशी संघर्ष झाला. गाव मागे हटले नाही. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. लिहिता-वाचता येणारे व न येणारे एकत्र बसून कायदा समजून घेऊ लागले. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. संध्याकाळी एकत्र बसण्याची जुनी सवय त्याच्या मुळाशी होती, असे आमचे मत आहे.

आता शहराकडे वळू. दहावीनंतर माडिया मुले-मुली अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर, बल्लारपूर येथे शिकायला किंवा कामाला येतात. खोलीत चार जण, हातात मोबाईल, संध्याकाळ मोकळी. आणि आपली भाषा मोठ्याने बोलण्याचा संकोच. तुरीनच्या मुलांची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. आपल्या धर्मग्रामांची सभागृहे व धर्मभगिनींची वसतिगृहे या शहरांत आहेत. अभ्यासाच्या तासानंतरचा एक तास रेलासाठी, आजीकडून ऐकलेली कथा स्वतःच्या बोलीत देवनागरीत लिहून काढण्यासाठी देता येईल. गोंडीला स्वतःच्या लिप्याही आहेत. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली रचलेली लिपी आणि तेलंगणातील गुंजाला गावाच्या नावाने ओळखली जाणारी लिपी, या दोन्ही आता संगणकावर लिहिता येतात. पण आरंभ देवनागरीने करावा, कारण ती मुलांच्या हाताखालची आहे. हा तास धर्मशिक्षणाचा नसावा, आणि कोणाचे धर्मांतर घडवण्याचा तर मुळीच नसावा, हेही येथेच सांगून ठेवतो.

ज्या युवामंडळांना प्रत्यक्ष गोटुल पाहायचे असेल त्यांनी धानाची कापणी आटोपल्यावर जावे, आधी गावच्या भूमियाची परवानगी घ्यावी आणि दोन-चारपेक्षा अधिक जणांनी एकदम जाऊ नये. ढोलांना न विचारता हात लावू नये, नाचणाऱ्या मुलींची छायाचित्रे काढू नयेत. वर्तुळात बोलावले तर शेवटी उभे राहावे.