पर्जन्यवस्त्र आणि मोटारसायकलस्वार

पावसापासून अंग राखण्याचा मनुष्याचा उद्योग फार जुना आहे. परंतु त्याचा इतिहास बारकाईनें पाहिला असतां असें दिसून येतें कीं, हा झगडा एका पाण्याशीं नसून दोन पाण्यांशीं आहे. एक पाणी आकाशांतून येतें. दुसरें अंगांतून घामाच्या रूपानें निघतें. पहिल्यास अडविणारें वस्त्र बहुधा दुसऱ्यास कोंडतें, आणि दुसऱ्यास वाट देणारें पहिल्यासहि आंत घेतें. पावसाळ्यांत मोटारसायकलीवरून लांबचा प्रवास करण्याची हौस आज पुष्कळ घरांत शिरली आहे. अशा प्रवासासाठीं कोणतें वस्त्र घ्यावें, हा प्रश्न दुकानदाराच्या शिफारशीवर न सोडतां ह्या इतिहासाच्या उजेडांत पाहावा असें आम्हांस वाटतें. कारण भिजून गारठलेल्या स्वाराचीं बोटें ब्रेकवर वेळेवर वळत नाहींत, आणि घाटांतील वळणावर तेवढा उशीरहि जीवावर बेततो.

आमच्या कोंकणांत भातलावणी करणाऱ्या बायका पाठीवर इरलें घेत. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यांत पानें बसवून केलेलें हें साधन पाठीवरून पाणी निथळून टाकतें आणि खालून मोकळें असल्यामुळें घामहि कोंडूं देत नाहीं. घांटावरच्या धनगराची घोंगडी पाणी पिते खरी, पण लोकर भिजली तरी कांहीं ऊब राखते. दोन्ही साधनांत दुसऱ्या पाण्याचा विचार आहे. मात्र तीं पायीं चालणाऱ्याचीं साधनें. वेगाच्या वाऱ्यापुढें इरलें टिकणार नाहीं, आणि भिजलेल्या घोंगडीचें ओझें स्वारास पेलणार नाहीं.

विलायतेंत पूर्वीं खलाशी जवसाचें तेल चढविलेलें कापड वापरीत. इ. स. १८२३ सालीं ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें डांबरापासून काढलेल्या नॅफ्थ्यांत रबर विरघळवून तो लेप दोन कापडांच्या मध्यें बसविण्याचें पेटंट घेतलें. पाऊस अडला, पण हें वस्त्र उन्हाळ्यांत चिकट होई, थंडींत ताठरे, त्यास दर्प येई, आणि शिवणीच्या सुईच्या भोंकांतून पाणी झिरपे. १८४४ च्या सुमारास अमेरिकेंत गुडइयरनें व इंग्लंडांत हॅन्कॉकनें गंधकासह रबर तापविण्याच्या कृतीचीं पेटंटें मिळविलीं, तेव्हां चिकटपणा गेला. घाम मात्र होता तेथेंच राहिला. १८७९ सालीं बेसिंगस्टोकच्या टॉमस बर्बेरीनें उलट वाट धरली: कापडास लेप न देतां विणण्यापूर्वीं सुतासच पाणरोधक करून तें घट्ट विणलें. ह्या गॅबर्डीनमधून वारा खेळे. पण मुसळधार पावसापुढें तें अखेर हार खाई.

ह्यानंतर मोटारसायकल आली, आणि तिनें प्रश्नाचें स्वरूपच बदललें. पादचाऱ्यावर पाऊस वरून पडतो. स्वारावर तो समोरून आदळतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या छातीवर वाऱ्याचा जो दाब येतो, तो सुमारें ३० मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. त्या दाबानें पाणी गळपट्टी, बाही व गुंडीपट्टी ह्यांतून आंत शिरतें, आणि मांडीवर सांचून बैठकीकडे उतरतें. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश लष्करी संदेशवाहक स्वारांस दिलेल्या रबरी कोटाचे खालचे पदर प्रत्येक पायाभोंवतीं गुंडाळून बसवितां येत. तत्पूर्वीं १८९४ मध्यें साउथ शील्ड्स येथें स्थापन झालेल्या बार्बर पेढीनें १९३६ सालीं मोटारसायकलस्वारांसाठीं मेण चढविलेल्या सुती कापडाचा पोशाख काढला होता. त्याचा छातीवरचा खिसा नकाशा चटकन काढतां यावा म्हणून तिरका ठेवलेला होता. कापड उत्तम, पण त्यास वेळोवेळीं मेण द्यावें लागतें, आणि आमच्याकडील दमट हवेंत असें वस्त्र बंद कपाटांत ठेविलें तर बुरशीचें भय असतें.

हिंदुस्थानांत सुरेंद्रमोहन बोस ह्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पाणरोधक कापडाचा धंदा स्थापिला, व त्यांचें 'डकबॅक' हें नांव मध्यमवर्गाच्या तोंडीं बसलें. पुढें नायलॉनवर लेप दिलेलीं हलकीं वस्त्रें आलीं. वजन घटलें, घाम तोच. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर ह्यांनीं टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यानें ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळविला. त्यांतून पाण्याचा थेंब जात नाहीं, वाफ मात्र जाते. दोन पाण्यांचा झगडा येथें मिटला असें अनेकांस वाटलें.

परंतु वाफ आपोआप बाहेर पडत नाहीं. आंतल्या हवेंत ती बाहेरच्यापेक्षां अधिक असावी लागते. थंड देशांतील हवेंत हा फरक मोठा असतो. जुलै महिन्यांत महाड-चिपळुणाकडील उबदार व ओथंबलेल्या हवेंत तो फार थोडा उरतो. शिवाय बाहेरचें कापड चिंब झालें कीं वाफेची वाट आणखी अडते. महाबळेश्वरासारख्या गार ठिकाणीं ह्या पडद्याचा उपयोग अधिक. खालीं कोंकणांत महाग वस्त्राचें मोल पुरतें वसूल होत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, आपल्या पावसासाठीं संरक्षक जाकिटावरून चढवितां येईल असा, लेप दिलेल्या नायलॉनचा सैल कोट व स्वतंत्र पायजमा घ्यावा. शिवणीवर आंतून पट्टी चिकटविलेली असावी, झिपेवर रुंद झांप असावी, गळपट्टी व मनगट घट्ट बसावें, आणि रंग दुरून डोळ्यांत भरणारा असावा. पायजमा बुटावरून उतरलेला असावा. वाऱ्यांत फडफडणारी सैल झूल घेऊंच नये; ती चाकांत वा साखळींत गुंतण्याचें भय असतें. दर दीड-दोन तासांनीं थांबून कोट उघडावा व आंतलें कोंडलेलें पाणी वाऱ्यास द्यावें. पाऊस अडविण्याचें काम कापडावर सोंपवितां येतें. घामास वाट देण्याचें काम अजून बरेंचसें स्वाराकडेच आहे.